माळकरी मासे

गहू भिजत घातले की तिसऱ्या दिवशी घराला एक वास येतो. आंबट, किंचित कुबट, ओल्या पोत्यासारखा. ज्यांच्या घरी कुरडया विकतच्या येतात त्यांना तो ठाऊक असण्याचं कारण नाही आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांना समजावून सांगावा लागत नाही. यंदा मी हट्टानं गहू भिजवले. नाशिकरोडच्या फ्लॅटमध्ये, ओट्याखाली, पातेल्यावर झाकण ठेवून. तिसऱ्या दिवशी सूनबाई ऑफिसातून आली, दारातच थबकली आणि म्हणाली, "आई, काहीतरी मेलंय का घरात?"

"मेलं नाही, आलंय," मी म्हणाले.

आमच्याकडे 'गहू आले' असंच म्हणतात. कुजले म्हणायचं नाही, अपशकुन झाल्यासारखं वाटतं. चिमटीत दाणा दाबला की पांढरं दूध बाहेर यायला हवं, तेव्हा गहू आले. जसे पाहुणे येतात तसे. हे सगळं तिला सांगायला गेले असते तर तिनं लगेच मोबाइलवर शोधायला घेतलं असतं, म्हणून मी नुसतं पातेल्यावरचं झाकण नीट केलं. पण तिचा तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. काहीतरी मेलंय का. हो गं बाई, मेलंय. त्याला आता फार वर्षं झाली.

आमचं गाव सिन्नरच्या वाटेवर. गावामागच्या टेकाडावर चढलं की लांब एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या चिमण्या दिसायच्या आणि त्यांचा धूर कुठं कललाय ते पाहून म्हातारी माणसं वाऱ्याचा अंदाज सांगायची. टेकाडाच्या पायथ्याशी पाझर तलाव. बहात्तरच्या दुष्काळात गावानं तो आपल्या हातांनी खणला. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, कुदळीवर होते आणि आई पाट्या वाहायला. तलावात पाणी ठरू लागलं आणि आबा गेले. शेतातून आले, छातीत कळ आली म्हणाले आणि ओसरीवर आडवे झाले ते उठलेच नाहीत. आई भाकरी थापत होती. ती तवा उतरवून बाहेर येईपर्यंत सगळं संपलं होतं. 'जेवून तरी जायचं,' हे ती पुढं कितीतरी वर्षं म्हणत राहिली. दुसरं काही नाही, एवढंच. माणूस उपाशी गेला, याचं तिला फार लागलं होतं.

तेव्हापासून कुणी उंबऱ्यात आलं की तिचा हात सैल सुटायचा. भिक्षेकरी असो, पोस्टमन असो, वाट चुकलेलं कुत्रं असो. वाढताना तर ती ऐकायचीच नाही. समोरच्यानं ताटावर आडवा हात धरला की हाताच्या फटीतून वाढायची. माझा नवरा पहिल्यांदा सासुरवाडीला जेवला तेव्हा परतीच्या वाटेवर त्याला एसटी थांबवून उतरावं लागलं होतं. हे मी अजूनही लग्नकार्यात सांगते आणि तो अजूनही चिडतो.

मुरलीदादा माझ्याहून मोठा. बीएस्सी झालेला. आमच्या गावात बीएस्सी झाला म्हणजे ओझरच्या विमान कारखान्यात चिकटणार, हे ठरलेलं. दादानं अर्जसुद्धा केला नाही. त्यानं ग्रामपंचायतीकडून तलाव घेतला आणि त्यात रोहू, कटला, मृगळ यांची बोटुकली आणून सोडली. बोटुकली म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं. गावानं कपाळावर हात मारला. माळकऱ्याच्या घरात मासे! आईच्या गळ्यात तुळशीची माळ होती. आमच्या चुलीवर कधी अंडंही उकडलं नव्हतं.

आई पहिले काही दिवस दादाशी बोललीच नाही. मग एक दिवस आपणच म्हणाली, "मी जेवू घालीन त्यांना. पुढचं मला सांगू नको."

"पुढचं काय?"

"तेच. पुढचं."

दादा हसला आणि त्या दिवसापासून दोघांचा कारभार सुरू झाला.

माशांना खायला काय घालायचं, हीच खरी अडचण होती. शहाणी माणसं सांगायची, सुक्या मासळीचा कुटा घाला. तो कुटा समुद्राकडून पोत्यांनी यायचा आणि त्याचा भाव ऐकला की तळ्यातले मासे तळ्यातच बरे वाटायचे. नुसती शेंगदाण्याची पेंड घालून पाहिली तर मासे खायचे आणि होते तसेच राहायचे. दादा दिवसचे दिवस बांधावर बसून पाण्याकडे बघायचा. शेवंताकाकू, आमच्या भिंतीला भिंत लागून राहायच्या त्या, म्हणायच्या, "बीएस्सीला काय पाण्यातलं दिसून राह्यलं देव जाणे."

आणि मग कुरडयांचा मोसम आला. मला तो एकच उन्हाळा आठवायचा असतो. सत्तरचं दशक सरत आलं होतं, माझं नुकतं लग्न झालं होतं आणि आखाजीसाठी मी दोन महिने आधीच माहेरी आले होते. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे लेकींचा आणि पितरांचा सण एकाच दिवशी. पोरी झोके घेणार, गाणी म्हणणार आणि त्याच अंगणात गेलेल्यांसाठी घागर भरली जाणार. लहानपणी यात काही विचित्र वाटत नसे.

आखाजीच्या आधी गावभर वाळवणं. घराघरांच्या सपाट मातीच्या धाब्यांवर जुनी लुगडी अंथरलेली, त्यावर कुरडयांची पांढरी जाळी, कोपऱ्यात राखणीला काठी घेऊन बसलेली एखादी म्हातारी. उन्हानं डोळे दिपायचे. शिजलेला चीक वाटीत घेऊन त्यावर कच्चं तेल घालून खायचा आणि जीभ भाजून घ्यायची. आलेले गहू वाटून फडक्यातून पिळले की चीक खाली गळतो आणि फडक्यात राहतो तो चोथा. कोंडा आणि त्याला बिलगलेला गव्हाचा चिवट भाग. कुणी त्याच्या भुसवड्या घालतं, कुणी म्हशीपुढं टाकतं. आई तो टोपलीत काढत होती आणि दादा बाजूला उकिडवा बसून एकटक बघत होता.

"आई, हा किती दिवस आंबलाय?"

"आंबला काय म्हणतो? गहू आलाय."

"तेच गं. चिकात नुसतं पीठ गेलं. ताकद तर ह्यात राह्यली की."

त्यानं तो चोथा फोडलेल्या पेंडेत कालवला. परसातल्या रिकाम्या रांजणात दाबून दाबून भरला. वर पळसाची पानं, त्यावर पोतं, त्यावर पाट्याचा मोडका तुकडा. पुन्हा भरताना आधीच्यातलं मूठभर विरजणासारखं घालायचं, ही मात्र आईची अक्कल. आंबलं की पेंडेतलं जड तेवढं मोडतं, माशाच्या पोटाला सोपं जातं, असं दादा सांगायचा. आईला त्यातलं किती कळायचं कुणास ठाऊक, पण रांजणाचं ती बाळंतिणीच्या खोलीसारखं बघायची. सकाळी पोत्याखाली हात घालून ऊब बघायची. ताप उतरत आलेल्या पोराच्या कपाळाला हात लावावा तसा. वास घेऊन म्हणायची, "आज नको, उद्या." आणि ते उद्याच येई.

मासे वाढायला लागले. भोकं पाडलेल्या पोत्यात ते आंबवण भरायचं आणि पोतं बांबूला बांधून पाण्यात सोडायचं. मासे खाली येऊन तोंडानं ढुसण्या द्यायचे आणि बांबू हलायचा. संध्याकाळी आम्ही बांधावर बसून तो हलणारा बांबू बघायचो. पाणी गढूळ असल्यानं मासा दिसायचा नाही, नुसता बांबू हलायचा. आईच्या चेहऱ्यावर तेव्हा जे यायचं ते मी नंतर फक्त माझ्या मुलाला दूध पाजताना स्वतःच्या अंगात ओळखलं.

दादा गावभर बादली घेऊन हिंडू लागला. "काकू, चोथा ठेवा बरं का माझा!" बायका खिदळायच्या. पण ठेवायच्या. त्यातच कुणीतरी आईला विचारलं, "माळ घालून माशांची चाकरी करती, देवाला चालतंय का?" आईनं कमरेवर हात ठेवून उत्तर दिलं, "मासळीचा कुटा नाय घालत मी. गहू अन् शेंगदाणा. माझे मासे मासा खात नाय. माळकरी हायेत ते."

झालं. गावाला शब्द मिळाला. तलावाचे मासे 'माळकरी मासे' झाले. चेष्टेनं सुरू झालं, पण चेष्टा फार दिवस चेष्टा राहत नाही आमच्या गावात. बघता बघता बायका बांधावरून जाताना पाण्याला हात जोडू लागल्या.

दादाचा एक नियम होता. पोतं तोच भरायचा आणि बेतानंच भरायचा. आईचा त्यावरून रोज वाद.

"एवढंसं? अरे, बांबू हलायचा थांबला न्हाय अजून. भुकेले हायेत ते."

"पोटात थोडी जागा राह्यली पाहिजे, आई. पोट भरलं की खाणं उरतं. उरलं की तळाला सडतं. सडलं की पाण्यातली हवा खाऊन टाकतं. मग मासा गुदमरतो."

"जेवणाऱ्याचं पोट भरायच्या आत पान उचलायचं? पाप लागंल मला."

"ढग आले तर तेवढंही नाय घालायचं," तो पुढं सांगायचा आणि आई तोंड फिरवून बसायची. तिला पाण्यातली हवा हे प्रकरण पटणं शक्यच नव्हतं. हवा पाण्याबाहेर असते, हे तिनं जन्मभर पाहिलं होतं.

त्या मासोळ्यांवर काय अवलंबून होतं ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. दादानं आईला शब्द दिला होता, "ह्या उन्हाळ्यात मासे वजनाला भरले तर मी गाव सोडत नाय. नाय भरले तर जिथं मिळंल तिथं नोकरी." रात्री अंथरुणावर आई मला म्हणाली, "तू गेलीस. तुझे आबा गेले. हा तरी राहू दे." मी तिच्या पायावर पाय टाकून पडले होते. मला वाटलं होतं, राहील की. बांबू तर किती जोरात हलत होता.

आखाजीच्या सकाळी दादा नाशिकला गेला. गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीवरच्या भोयांना जाळी घेऊन बोलवायचं होतं. सण झाला की दुसऱ्याच दिवशी मासे काढायचे ठरलं होतं. जाताना रांजणाकडे बोट दाखवून म्हणाला, "सकाळचं घालून ठेवलंय. आता कुणी हात लावू नका."

आईनं पुरण घातलं, आमरस केला, कुरडया तळल्या. आबांच्या नावाची घागर भरली, तिच्यावर खरबूज आणि आंबा ठेवला. घास वाढून धाब्यावर ठेवला आणि कावळ्याची वाट बघत बसली. पितरांनी घास घेतल्याशिवाय ती जेवायची नाही. दरवर्षी आबांचा कावळा तिला ताटकळत ठेवायचा. त्या दिवशी ऊन असं रणरणत होतं की आभाळात चिमणीही नव्हती. दुपार झाली. पुरणपोळीला मुंग्या लागल्या. आईचा चेहरा उतरत चालला. "रागावलेत अजून," ती म्हणाली. "उपाशी गेले ना."

मग ती एकदम उठली, पान उचललं आणि चालू लागली. मी मागोमाग. तलाव उन्हाळ्यानं आत ओढला होता, कडेला भेगाळलेला चिखल. आबांनी जिथं कुदळ मारली होती त्या अंगाला ती उतरली आणि घास पाण्यात सोडला.

पाणी उसळलं. एका क्षणात. घास खाली गेलाच नाही, वरच्या वर गेला. आई मटकन चिखलात बसली आणि रडत, हसत ओरडली, "घेतला गं! तुझ्या आबांनी घेतला!"

शेवंताकाकू बांधावर होत्या. त्यांचा तरणाताठा मुलगा विहिरीत गेला होता. त्यांनी हे पाहिलं, पळत घरी गेल्या आणि आपलं पान घेऊन आल्या. त्यांचाही घास गेला. मग गल्ली आली, मग वरची आळी. ज्यांनी जन्मात माशाचं तोंड पाहिलं नव्हतं, अशा माळकऱ्यांच्या बायका पुरणपोळ्या, भात, भजी घेऊन आल्या. मासेच माळकरी, मग हरकत कसली? प्रत्येकीचं कुणीतरी गेलेलं होतं आणि प्रत्येकीचा घास तिथल्या तिथं घेतला जात होता. कुणी रडत होतं, कुणी पाण्याशी बोलत होतं. आई शेवटी घरी गेली आणि रांजणातलं सगळं आंबवण टोपल्यांनी घेऊन आली. "सणाचं त्यांनाही पोटभर," म्हणाली. आबा गेल्यापासून मी तिला एवढं सुखी कधी पाहिलं नव्हतं. मलाही भरून आलं होतं. एवढ्या बायकांचा एवढा आनंद मी पुन्हा कुठं पाहिलेला नाही, हे मी शपथेवर सांगेन.

संध्याकाळी वळवाचे ढग आले. पडले मात्र नाहीत. पान हलत नव्हतं. दादा शेवटच्या एसटीनं उतरला. आईनं त्याला उंबऱ्यातच धरलं आणि सगळं सांगितलं. आबांचा घास, शेवंताकाकूंचा घास, रिकामा रांजण. सांगताना तिचा श्वास पुरत नव्हता. दादानं एकदा आभाळाकडे पाहिलं. मग आईकडे.

"लय चांगलं केलंस, आई," तो म्हणाला.

उजाडायच्या आत मला जाग आली तेव्हा त्याचं अंथरूण रिकामं होतं. तलावावर गेले. दादा कमरेइतक्या पाण्यात उभा राहून कडुलिंबाच्या फांदीनं पाणी झोडपत होता. हवा मिसळत होता. त्याच्या भोवती सगळीकडे मासे तोंडं वर काढून उभे होते. शेकडो उघडी तोंडं, उघडी, मिटती. आवाज नाही. फांदीचा तेवढा आवाज. मला बघून तो थांबला नाही. दिवस वर आला तशी एकेक तोंड मिटत गेलं आणि पांढरी पोटं वर आली.

भोई जाळी खांद्यावर घेऊन आले ते बांधावरच उभे राहिले. त्यांच्यातला एक म्हातारा पाण्यात बोटं बुडवून वास घेत म्हणाला, "जेवण जास्ती झालं ह्यांना." दादानं घाईघाईनं त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि त्याला लांब नेलं. गाव गोळा झालं होतं. कुणी म्हणालं औषध टाकलं, कुणी म्हणालं नजर लागली. दादा सगळ्यांना एकच सांगत होता, "ऊन बाधलं. पाणी कमी पडलं." आई जरा मागे, तोंडाला पदर लावून उभी होती.

पितरांचा घास घेतलेले मासे कोण खाणार? भोयांनीही नेले नाहीत. बांधाखाली खड्डा काढून सगळे पुरले. संध्याकाळी आई चुलीपुढं बसली होती. जाळ नव्हता. दादा आत आला तेव्हा त्याच्याकडे न बघता म्हणाली, "कशानं गेले रे?"

"उन्हानं, आई."

तिनं राखेत काडी फिरवली. मग म्हणाली, "उपाशी नाय गेले. जेवून गेले माझे."

दादाला गुजरातेत, वेरावळला नोकरी लागली. कसली, तर मासळीच्या कुट्याच्या कारखान्यात. ज्या कुट्याला बाजूला सारायला त्यानं परसातला रांजण भरला, तोच कुटा तो आयुष्यभर पोत्यात भरत राहिला. जायच्या दिवशी आईनं त्याला पिठलं-भाकरी वाढली. एक भाकरी संपली, दुसरीतली अर्धी वाढली आणि तिचा हात थांबला. "बास," ती म्हणाली. "पोटात थोडी जागा राह्यली पाहिजे." दादा खाली मान घालून जेवत होता, त्यानं ऐकलं की नाही कोण जाणे. मला वाटलं, एसटीचा प्रवास आहे, पोरगं ओकेल म्हणून म्हणत असेल.

एसटी स्टँडवर मी त्याला धरून म्हटलं, "दादा, ऐक माझं. आईला खरं काय ते सांग आणि पुन्हा बोटुकली सोड. रांजण आहे, चोथा आहे, गाव आहे. तुझं काही चुकलं नव्हतं रे. तिला फक्त सांगायचं आहे."

त्यानं आपली ट्रंक गाडीच्या टपावर चढवायला दिली. "पुन्हा करायचं तर तिला सांगावंच लागंल," तो म्हणाला. "त्या दिवशी तिनं आबांना जेवू घातलंय, बाई. तेवढं एकच मिळालं तिला. ते काढून घेऊ तिच्यापासून?"

गाडी सुटली.

तो वर्षातून एकदा आखाजीला यायचा. त्याच्या कपड्यांना, केसांना, ट्रंकेच्या कडीलासुद्धा कुट्याचा वास असायचा. आई ते कपडे धुवायची, माळ पदराखाली सारून. कपडे धुऊन झाले तरी वास जायचा नाही. मग ती ते वाळत घालताना एकेका शर्टात तोंड खुपसून उभी राहायची. तिला वाटायचं, कुणी बघत नाही. रांजण परसात तसाच पालथा होता. आई गेली तेव्हा दादा वेळेवर पोचला नाही. दादा गेला तेव्हा मी. गेल्या थंडीत फोन आला, एवढंच.

गेल्या आठवड्यात मी नाशिकच्या द्वारका चौकापाशी शेतीच्या दुकानाजवळ रिक्षाची वाट बघत उभी होते. बाहेर पोत्यांची थप्पी, पोत्यांवर माशाचं चित्र. आता आमच्याकडे ज्याच्या त्याच्या शेतात प्लास्टिक अंथरलेलं शेततळं आहे आणि त्यात मासे आहेत. मी उगाच विचारलं, "ह्यात मासळीचा कुटा असतो ना हो?" दुकानातला मुलगा म्हणाला, "नाही आजी, हे स्वस्तातलं नवीन आलंय. सगळं वनस्पतीचं. आंबवलेलं असतं." मी पोत्याला नाक लावलं. तो मुलगा माझ्याकडे बघत राहिला. काहीच वास नव्हता. घरी आले आणि गहू भिजत घातले.

काल चीक पिळला. सूनबाई नाक मुरडत का होईना, मदतीला बसली. फडक्यातला चोथा हातात आला, गार, चिवट, तोच. आणि तो टोपलीत टाकता टाकता माझा हात थांबला, कारण आईचा थांबलेला हात मला आठवला. अर्ध्या भाकरीवर थांबलेला. हाताच्या फटीतून वाढणारी माझी आई त्या दिवसानंतर कुणालाच आग्रह करत नव्हती. जावयाला नाही, नातवंडांना नाही. शेवंताकाकू म्हणायच्या, मुरलीची आई आता हातानं आखडली. धाब्यावरचा आबांचा घाससुद्धा ती नखाएवढाच ठेवायची. मी म्हणत आले, वय झालं, एकटी पडली. पण 'पोटात थोडी जागा राह्यली पाहिजे' हे शब्द तिचे नव्हतेच. दादाचे होते. तिला जन्मात न पटलेले. भोयाचं बोलणं तिनं बांधावर उभ्या उभ्या ऐकलं होतं. तिला कळलं होतं, त्याच सकाळी.

म्हणजे तिला कळू नये म्हणून तो आयुष्यभर लांब राहिला. आणि आपल्याला कळलंय हे त्याला कळू नये म्हणून ती 'जेवून गेले माझे' म्हणत राहिली. एकानं तोंड उघडलं असतं तर तो रांजण सुलटा करून पुन्हा भरता आला असता. मी चोथ्यात हात घालून बसले आणि रडले. सूनबाईला वाटलं, वासानं डोळ्यांत पाणी आलं. तिनं खिडकी उघडली.

आज आखाजी. सकाळी तिनंच गाडी काढली आणि मला गावी आणलं. तलाव तसाच आत ओढलेला आहे. बांधाखाली जिथं पुरलं होतं तिथं आता बाभळी आहेत. पाण्यात मासे आहेत की नाहीत, कुणाचे आहेत, मी विचारलं नाही. डब्यातून चोथा काढला, त्याच्या दोन बारीक गोळ्या केल्या. एक आईच्या नावाची, एक दादाच्या. चिखलात उतरले आणि पाण्यात सोडल्या.

सूनबाई काठावरून डबा पुढं करत म्हणाली, "एवढंसंच, आई? अजून टाका ना, डबा भरलेला आहे."

आभाळात ढग जमत होते. मी डब्याचं झाकण लावलं.

"बास," मी म्हणाले. "पोटात थोडी जागा राह्यली पाहिजे."